माझ्या कादंबरीतल्या काल्पनिक समुद्रात ३०० मीटर लांबीचा प्राणी पटेल का?

पटेल, पण त्याला शिकारी करू नका. पाणी गाळून बारीकसारीक जीव खाणारा, संथ प्राणी करा. आपल्या समुद्रातले सगळ्यात अवाढव्य जीव असेच जगतात. निळा देवमासा जवळपास ३० मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचं पोट भरतं ते क्रिल या बोटाएवढ्या, झिंग्यासारख्या जीवांवर. व्हेल शार्कही पाणी गाळूनच खातो. मोठ्या भक्ष्यामागे धावून एवढं शरीर पोसणं परवडत नाही.

आता हिशोब बघा. ठेवण तीच ठेवून लांबी १० पट केली, तर वजन १००० पट होतं. म्हणजे १५० टनांच्या देवमाशाचे दीड लाख टन! पाणी हा भार पेलून धरतं, पण त्वचेचं क्षेत्रफळ फक्त १०० पटच वाढतं, त्यामुळे उष्ण रक्ताचा प्राणी आतल्या आत तापेल. म्हणून थंड रक्ताचा, लांबट, सापासारखा बारीक देह जास्त शोभेल. पाठीवर बार्नॅकलचे (अंगाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे) खरखरीत थर नक्की दाखवा, खऱ्या देवमाशांच्या काही जातींच्या अंगावर ते असतात. आणि काहीही झालं तरी त्याला किनाऱ्यावर आणू नका, स्वतःच्याच वजनाखाली चिरडून मरेल.

कथेत जहाज बुडवायचंच असेल, तर मात्र एवढ्या आकाराची गरजच नाही. १८२० मध्ये पॅसिफिकमध्ये ‘एसेक्स’ हे जहाज एका स्पर्म व्हेलने धडका देऊन बुडवलं होतं.