शिवणटिपणाचे प्रश्न : गोधडीला दोरा कोणता?

प्रश्न : आजीच्या सुती नऊवारी साड्यांची गोधडी पायमशीनवर शिवायला काढली आहे. दुकानदार म्हणतो पॉलिएस्टरचाच दोरा घ्या, आपल्याकडच्या दमट हवेत सुती कुजतो. जाऊबाई म्हणतात पॉलिएस्टर कापड कापतो. कुणाचं ऐकू, ताई? — एक वाचक, देवगड

उत्तर : दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. सुती दोरा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या आठेक टक्के तरी धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पावसाळाभर पेटीत कोंडलेला सुती दोरा सादळतो आणि एकदा बुरशी लागली की तटातट तुटतो. पण अहो, साडीही सुतीच ना? बुरशी दोरा खाईल आणि साडी सोडून देईल, असं थोडंच आहे! आगोटीआधी गोधडीला कडकडीत ऊन दाखवायचं, ते दोरा कुठलाही असला तरी चुकत नाही.

जाऊबाईंचं म्हणणं नव्या कापडाच्या बाबतीत मला पटत नाही. विरलेल्या लुगड्याचं मात्र वेगळं. गोधडी जोरात ओढली गेली की दोरा तरी तुटणार, नाहीतर कापड तरी फाटणार. दोरा तुटला तर पुन्हा टीप मारता येते. कापडच टाक्यांच्या रांगेवर फाटलं तर ठिगळ तरी कशाला धरेल? पॉलिएस्टर विरलेल्या कापडापेक्षा चिवट, सुती त्यामानाने लवकर तुटतो; म्हणून तुमच्या गोधडीला मी सुतीच दोरा घेईन, वर आणि बॉबिनमध्येही. फक्त कडेची पट्टी नव्या कापडाची लावा आणि ती पॉलिएस्टरने शिवा; पोरं गोधडी ओढतात ती कडेला धरूनच. साड्यांत एखादी सिंथेटिक असेल तर ती या गोधडीत घालूच नका.

आता खरेदी. हल्ली पॉलिएस्टरचा बिनचकाकीचा दोरा हुबेहूब सुतीसारखा दिसतो, लेबलावर विसंबू नका. वीतभर तुकडा पेटवा. सुती असेल तर भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतो आणि टोकाला कडक गोळी धरते. (हे दुकानाबाहेर येऊन करा!)

सुई 16 नंबरची घाला. टाका 3 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. बारीक टाक्याने जुन्या साडीला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात. सुती दोऱ्याचे तंतू बॉबिनच्या घरात साचतात, तेव्हा दर दोन बॉबिनांनंतर ते घर उघडून ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, कचरा आणखी आत जातो.