पोरगं लस नको म्हणतंय

"मॅडम, पोरगं लस घ्यायला तयारच नाही. तुम्ही सांगा की जरा!" बेळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या आईवडिलांकडून ऐकते. 'सांगा' म्हणजे घरातला वाद मी त्यांच्या बाजूने जिंकून द्यायचा.

निपाणीचं एक कुटुंब (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतात. थोरल्या भावाचा घशाचा कॅन्सर पाहिलेला, त्यामुळे डॉक्टरांनी एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या आणि इतर काही कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) लशीचं नाव काढताच यांचं ठरलं. घाईही खरी होती. पंधरा पूर्ण व्हायच्या आत सुरुवात केली तर दोन डोसांत भागतं, नंतर तीन लागतात. पोराच्या वाढदिवसाला दीड महिना उरलेला.

"ती मुलींची लस आहे," पोराने मोबाईल पुढे केला.

"घशाचा कॅन्सरपण होतोय त्या विषाणूनं! डॉक्टर येडे आहेत काय?"

वडिलांचं बरोबर होतं. पुण्याच्या सीरमची 2023 मध्ये आलेली लसही मुलग्यांना चालते. फक्त तंबाखूने होणारा कॅन्सर ती रोखत नाही, हे मी म्हटलं तेव्हा त्यांनी खिशातली पुडी नकळत चाचपली. पोरगं मात्र ढिम्म. चूक माझीच, पहिल्या भेटीत मीही वडिलांचीच री ओढली.

दुसऱ्या वेळी आईवडिलांना बाहेर बसवलं आणि एकच विचारलं, "शेवटची सुई कधी टोचलेली?"

बराच वेळ तो माझ्या पेनाचं टोपण काढघाल करत राहिला.

"पाचवीत. शाळेत, धनुर्वाताची. चक्कर येऊन पडलो. अजून 'सुई' म्हणून चिडवतात."

"घरी माहीत आहे?"

"पप्पा म्हणतात, गड्यानं रडायचं नसतं."

चार वर्षं हे पोरगं पुन्हा पडायला भीत होतं आणि आम्ही तीन मोठी माणसं विषाणूवर भांडत होतो! मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी: त्रास घटनेपेक्षा आपण तिला लावलेल्या अर्थाने होतो. पडणं ही घटना, 'म्हणजे मी भित्रा' हा तिला चिकटलेला अर्थ. तो सोडवायला फार वेळ लागला नाही. सुईच्या भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब क्षणभर उतरतो; या वयात असं बऱ्याच जणांना होतं. खाऊन जायचं, आडवं पडून टोचून घ्यायचं, नंतर पंधरा मिनिटं तिथेच थांबायचं.

वडिलांना त्याने स्वतःच सांगितलं.

"मला सांगायचं न्हाई काय रे?"

"तुम्ही हसला असता."

ते हसले नाहीत.

लस घ्यावी का, हे डॉक्टरांशी तिघांनी बसून बोला. कुठल्या दिवशी, आडवं की बसून, सोबत कोण, एवढं मात्र पोरावर सोडा. दंड त्याचा आहे. सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची सरकारी लस येतेच, तेव्हाही हेच करा.

पहिला डोस झाला. सुई पाहून वडीलच पांढरे पडले म्हणे. सहा महिन्यांनंतरची तारीख पोराने मोबाईलवर टाकली आहे. खाली लिहिलंय, 'पप्पा बाहेर.'