काकू बरण्यांचं विचारत होत्या, त्याचं काय केलंस?

पत्र: ताई, आमचा नाशिकमध्ये घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा), जिंजर बिअर (आल्याचं फसफसणारं पेय) वगैरे करणाऱ्यांचा ग्रुप आहे, 40 एक जण. ज्यांनी आम्हाला हे शिकवलं ते काका 25 दिवसांपूर्वी गेले, हार्ट अटॅक, एका रात्रीत. सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले, सिडकोत राहायचे. कुणी नवीन आलं की स्वतः स्कूटरवर जाऊन जॅमच्या बाटलीतून स्कोबी, म्हणजे चहा आंबवणारा तो जिवंत थर, देऊन यायचे, कधी एक रुपया घेतला नाही. आता त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय तर ग्रुपमध्ये भांडणं. अर्धे म्हणतात गंगापूर रोडला हॉल घेऊ, मोठा फोटो लावू, प्रत्येकाने आपली बाटली आणायची. अर्धे म्हणतात श्रद्धांजलीला असलं काही पिणं बरं दिसत नाही. दोघं ग्रुप सोडून गेले. काकूंचाही दोनदा फोन येऊन गेला, बरण्या आणि भरलेल्या बाटल्या तशाच पडल्यात त्यांचं काय करू म्हणून, पहिल्यांदा बघतो म्हटलं, नंतरचा कामात होतो म्हणून राहिला. मी ॲडमिन, भाषणही माझ्याच गळ्यात. सभा घ्यावी का, आणि बोलू काय?
– ॲडमिन, इंदिरानगर

ताई म्हणालास म्हणून तुला अरेतुरे करतेय. सभेचं राहू दे बाजूला. काकूंना तू उत्तर काय दिलंस? बघतो म्हणजे उत्तर नाही झालं, आणि दुसऱ्या वेळी तर तेवढंही नाही.

40 माणसं काकांची आठवण कशी ठेवायची ह्यावरून भांडतायत आणि त्यांच्या घरात ती बाई एकटी त्या बरण्यांकडे बघत बसलीये, हे मला सहनच होत नाहीये. तिने दोनदा विचारलं. दोनदा विचारायला काय लागतं ते कधीतरी विचार कर, नवरा जाऊन महिना नाही झाला, घरात माणसांची ये-जा, कागदपत्रं, पेन्शनचं, आणि त्यातून वेळ काढून तिने त्याच्या बरण्यांसाठी तुला फोन केला.

आधी बाटल्या, कारण त्या तुझ्यासाठी थांबणार नाहीत. तू घरी करतोस, तुला हे माहीत असायला हवं होतं. झाकण घट्ट लावलेली बाटली आपण दोन-चार दिवस बाहेर ठेवतो, फसफस आली की फ्रिजमध्ये. ह्या 25 दिवस तशाच आहेत आणि दिवस उन्हाचे. आत साखर शिल्लक, यीस्टचं काम चालूच, गॅसला जायला वाट नाही. मी ओट्याखालून काचा वेचल्यात अशा बाटलीच्या, आल्याच्या चोथ्यासकट, भिंतीपर्यंत उडाल्या होत्या. तेव्हा काकूंना आत्ता सांग की हात लावू नका, जवळ जाऊ नका. मग तू जा. जाड हातमोजे, डोळ्याला गॉगल, एकेक बाटली टॉवेलात गुंडाळून बादलीत आणि बादली फ्रिजमध्ये. रात्रभर गार झाली की गॅस जरा शांत होतो, मग दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये धरून, टॉवेल न काढता, हळूहळू झाकण सैल करायचं. आतलं ओतून दे, ते जपायचं नाही.

बरण्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर फडकं असतं, हवा जाते, त्या फुटत नाहीत. पण जिवंत असतात ना त्या, म्हणून काकूंना टाकवत नाहीयेत आणि ठेवायच्या कशा ते कळत नाहीये. वरचा थर रोज जाड होतोय, घरभर आंबूस वास सुटला असणार. बरणीवर काकांनी पट्टीवर तारीख लिहिली असेल, शेवटची. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा लोणच्याच्या बरणीत त्यांच्या चमच्याचा खळगा तसाच राहिला होता. आम्ही कित्येक महिने ती बरणी नुसती पुसायचो आणि परत ठेवायचो. शेवटी शेजारच्या वहिनी आल्या, म्हणाल्या ह्याचं काय ठरवलंय तुम्ही, आणि बसल्या आमच्याबरोबर. त्यांनी विचारलं म्हणून सुटलो आम्ही. इथे तर उलटं झालंय, काकूच विचारतायत.

तर बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या की बस त्यांच्याजवळ. फडकं सोड. वर कोरडी लव आली असेल, हिरवी काळी पांढरी कुठलीही, तर ती बरणी अख्खी टाकायची. खाली तपकिरी तंतू लोंबत असतील तर ते यीस्ट आहे, घाबरू नकोस. पाणी एव्हाना व्हिनेगरसारखं झालं असेल, प्यायचं नाही, पण पुढच्या बॅचला तेच लागतं. लिटरभर पाणी, दोन चमचे चहापत्ती, 70-80 ग्रॅम साखर, चहा पूर्ण गार झाल्यावर त्यात तो थर आणि 100 मिली ते जुनं आंबट पाणी. हे तुला पाठ आहे, काकांनीच शिकवलंय. पण तू करू नकोस, काकूंना करू दे, तू फक्त शेजारी उभा राहून सांग. कदाचित त्यांनाच जास्त येत असेल, इतकी वर्षं बघितलंय त्यांनी.

आणि त्या म्हणाल्या की नको, मला हे घरात नको, तर हट्ट करायचा नाही, भावनिक काही बोलायचं नाही. सगळं उचल, बरण्या घासून पुसून उन्हात वाळवून त्यांच्या त्यांना परत नेऊन दे. थर तुझ्याकडे वाढव. विरजण मोडलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो ना, काकांनी तुमच्या 40 घरांत तेच तर घातलंय, त्यामुळे एका घरातलं थांबलं तरी मोडत नाही ते.

सभा घ्यायची का, बाटल्या आणायच्या का, फोटो कुठला, हे सगळं काकूंना विचार आणि त्या सांगतील तेच ग्रुपवर टाक, भांडण तिथेच मिटेल. भाषणाचं मला विचारू नकोस. काकांबद्दल काय सांगायचं ते काकूंनाच विचार.

हार-फळं नेऊ नकोस, ग्रुपवर सांगत बसू नकोस, फोटो तर बिलकुल काढू नकोस. त्यांचा मिस्ड कॉल अजून तुझ्या फोनमध्ये असेल, तिथूनच लाव.