मे महिन्यात कोल्हापूरहून कोकणकिनारी आठवडाभर राहून मुलांसोबत निसर्गभ्रमंती आणि जिओकॅशिंग (कोणी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधण्याचा खेळ) करता येईल का? त्यासाठी कोणते जीपीएस यंत्र घ्यावे?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि उत्तर लिहायला बसलो, कारण नेमक्या याच विषयावरून माझे आणि माझ्या मेहुण्यांचे गेली कित्येक वर्षे वाजत आले आहे. माझे मत सरळ आहे. कोणतेही यंत्र विकत घेऊ नका. उघड्या किनाऱ्यावर डोक्यावर ना झाड असते ना इमारत, त्यामुळे हातातला साधा मोबाइलही चार-पाच मीटरच्या टप्प्यात नेऊन पोहोचवतो आणि उरलेला शोध डोळ्यांनीच घ्यायचा असतो. यंत्राच्या पैशांत घरमालकाकडे आणखी दोन दिवस राहा आणि मुक्कामाच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहून ठरवा.

आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर नोंदवलेले डबे विरळ आहेत, हे आपण नकाशा उघडून पाहिलेच असेल. आपणच तिथे नवा डबा ठेवून त्याची नोंद करावी असा विचार असेल, तर तो सोडून द्या. डब्याची देखभाल ठेवणाऱ्याने करायची असते आणि वर्षातून एकदा कोकणात उतरणाऱ्या कोल्हापूरकराला ते शक्य नाही. त्यामुळे आम्ही घरच्या घरी खेळतो. एका मोठ्या माणसाने डबा लपवायचा, मुलांना अक्षांश-रेखांश द्यायचे आणि मुक्काम संपण्यापूर्वी सगळे डबे परत गोळा करायचे.

असेच एका मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबे गगनबावड्याचा घाट उतरून तळेऱ्यामार्गे देवगड तालुक्यातील एका खडकाळ किनाऱ्याच्या गावी जाऊन राहिलो होतो. मेहुण्यांनी त्या सहलीसाठी मुद्दाम हातात धरायचे जीपीएस यंत्र घेतले होते. अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यात पहिला डबा ठेवला, हा इतिहास ते प्रत्येक जेवणाच्या वेळी ऐकवीत असत. अमावास्येच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, ओहोटी पूर्ण लागून एरवी न दिसणारा कातळ उघडा पडला असताना, त्यांनी एका भेगेत शिट्टी, गोट्या आणि नोंदवही घातलेला प्लास्टिकचा डबा बसवला, यंत्रावर जागा नोंदवली आणि मोठ्या समाधानाने परत आले.

दुसऱ्या दिवशी घावणे खाऊन अकरानंतर निघायचे ठरले. आज प्रतिपदा आहे, तेव्हा दुपारी भरती असणार, हे मी त्यांना निघतानाच सांगितले. त्यावर ते म्हणाले, "दाजी, पंचांग बघून डबा शोधायचा असता तर एवढे उपग्रह कशाला सोडले असते?" ओसरीवर बसलेल्या घरमालकांच्या वडिलांनीही मान न वळवता "आता थंय पाणी आसतला, सांजेक जावा" असे सांगितले, परंतु ज्याच्या हातात नवे यंत्र असते त्याला असले ऐकू येत नाही. आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा यंत्राचा बाण इमानेइतबारे समुद्राच्या दिशेने वळलेला होता, डबा तीस-चाळीस पावलांवर असल्याचे आकडा सांगत होता, आणि त्या तीस-चाळीस पावलांवर लाटा फुटत होत्या. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर पुन्हा गेलो. भेग सापडली, तिच्यात डबा नव्हता.

मेहुणे आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की त्या दिवशी एक अवचित मोठी लाट आली होती. लाट नव्हे, भरती. कोकणातला कोणताही मच्छीमार हा हिशेब तोंडी करतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अमावास्येचे पंधरा धरले तर सव्वाअकरा, म्हणून ओहोटी सुमारे सव्वासहा तासांनी, अर्थात संध्याकाळी साडेपाचला. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरला तरी अकरानंतर तो कातळ कोरडा असणे शक्यच नव्हते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी एरवीपेक्षा अधिक चढते आणि अधिक उतरते, त्यामुळे त्या संध्याकाळी उघडा दिसलेला भाग बाकीच्या काळात बहुतेक पाण्याखालीच असतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांच्या इशारा पातळीला आली की त्रेचाळीसच्या धोका पातळीला कधी पोहोचेल याचे अंदाज हेच गृहस्थ तासातासाला बांधतात. दिवसातून दोन वेळा दोनेक मीटर चढणाऱ्या पाण्याचा अंदाज त्यांना बांधावासा का वाटला नाही, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही.

त्यानंतरच्या सकाळी, द्वितीयेला, मी मुलांना घेऊन सातलाच बाहेर पडलो. मेहुणे झोपले होते. कातळावरच्या डबक्यांत थांबलेले पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत होते. पाण्यात फुललेल्या समुद्रफुलाच्या शुंडकांजवळ बोट नेताच ते आक्रसून घेत होते, रिकाम्या शंखात शिरलेले खेकडे आपले बिऱ्हाड ओढत डबक्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चालले होते आणि खडकांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार कडा पाहून चपला का काढू देत नाही हे मुलांना न सांगता समजले. पुढच्या वाळूवर बारीक खेकड्यांनी वाळू चाळून अन्न काढून घेतल्यावर टाकलेल्या गोळ्यांची नक्षी पसरली होती आणि तिच्या मधोमध त्यांची बिळे होती. मुलांनी आवडलेल्या पाच डबक्यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदवले आणि प्रत्येकासमोर तिथी व वेळ लिहिली. दुपारी टेकाडावर उभे राहून नकाशाच्या आधाराने तीच ठिकाणे शोधली, तेव्हा सगळी पाण्यात होती. कुठेही डबा न ठेवता तो खेळ मुक्काम संपेपर्यंत चालला, आणि मुलांनी मेहुण्यांनाही त्यात ओढले.

म्हणून आपण अमावास्या किंवा पौर्णिमा मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांत येईल असा आठवडा निवडा. पुढच्या तीन-चार सकाळी ओहोटी सोयीच्या वेळी मिळते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फारसे उतरत नाही आणि ओहोटीही भर उन्हात येते. ते दिवस सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावर कोरलेल्या, कातळशिल्पांसाठी राखून ठेवा, आणि तिथेही पहाटेच पोहोचा. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथील कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते, ते मुलांना अवश्य दाखवा. यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणारे कोणी सोबत असेल, तर त्यांना अगदी पुढे उभे करा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. कासवांची पिल्ले पाहायची असतील तर मे महिना उशिराचा ठरतो. मार्च-एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला जावे. मेअखेरीस समुद्र खवळू लागतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत. तिथे, तसेच देवरायांत, खेळातला डबासुद्धा ठेवू नये. किनाऱ्यावरचा बेवारस डबा पोलिसांना खेळ वाटत नाही. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख हातात घेऊ नयेत, कारण त्यांतील काहींचा दंश विषारी असतो, आणि प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. एवढे सांगूनही यंत्र घ्यायचेच असेल, तर उपग्रहावरून संदेश पाठवणारे घेऊ नका. परवान्याशिवाय ते बाळगणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे. नुसते संकेत ग्रहण करणारे चालते. मेहुण्यांचे तसलेच आहे आणि ते विकायलाही तयार आहेत.