‘चार्ज’ या शब्दाचे ऑफिसात नेमके अर्थ कोणते? मराठीत काय म्हणावं?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात नवी नोकरी लागली, पहिल्याच आठवड्यात ‘चार्ज घ्या’, ‘अ‍ॅडिशनल चार्ज कोणाकडे?’, ‘इन्चार्ज कोण?’, ‘चार्जशीट मिळेल हं’ एवढं सगळं कानावर आलं, आणि डिक्शनरी उघडली तर पहिला अर्थ निघाला शुल्क. डिक्शनरी चुकली नाही, पण कचेरीत शुल्काचा नंबर फार मागे लागतो. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कचेरीत २७ वर्षं स्टोअर सांभाळलं. हा शब्द चहापेक्षा जास्त वेळा ऐकलाय.

मुळात हा गाडीवानाचा शब्द. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी आणि गाडीत माल भरणं म्हणजे ‘कारिकारे’. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. कार आणि कार्गो त्याचीच भावंडं. म्हणजे चार्ज हे लादलेलं ओझं. कामाचं लादलं तर कार्यभार, पैशाचं लादलं तर आकार, दोषाचं लादलं तर आरोप. गंमत म्हणजे आपला ‘आरोप’ही मुळात वर ठेवणं, चढवणं असाच आहे, वृक्षारोपणातलं आरोपण तेच.

आता तुमच्या कामाचा भाग. ‘रुजू होणं’ आणि ‘चार्ज घेणं’ एक नव्हे. तुम्ही हजर झालात, रुजू अहवाल दिलात, की पगार सुरू. चार्ज म्हणजे आधीच्या माणसाकडचं दप्तर, किल्ल्या, नोंदवह्या आणि सामान तुमच्या अंगावर येणं. कागदावर त्याला ‘कार्यभार स्वीकारला’ किंवा ‘पदभार स्वीकारला’ लिहितात, तारखेपुढे मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर तेही लिहितात. देणारा ‘कार्यमुक्त’ होतो. साहेब लोकांना पदभार शोभतो, आम्हा टेबलवाल्यांना कार्यभार. अर्थात फरक फारसा नाही. देणारा यायलाच तयार नसेल तर ‘एकतर्फी चार्ज’ घेतात, दोन साक्षीदार उभे करून, यादी करून. ग्रामपंचायतीच्या दप्तराबाबत हे खूपदा घडतं.

मी पहिला चार्ज घेतला तो मे महिन्यात, अमळनेरला. दुपारचे अडीच. देणारे गृहस्थ भुसावळकडे जाणारी गाडी पकडायच्या घाईत. जडवस्तू संग्रह नोंदवही (बोलायला डेड स्टॉक) समोर उघडी, त्यात ‘पंखा, टेबल: ४ नग’. तीन फिरत होते. चौथा कपाटावर दिसत होता, म्हणजे त्याची जाळी दिसत होती. ‘सही कर भाऊ, गाडी चुकेल माझी.’ केली. दोन वर्षांनी पडताळणीवाले आले, स्टुलावर चढले आणि जाळी खाली काढली. आत ना मोटर, ना पाती. पंख्याची किंमत माझ्या पगारातून तीन हप्त्यांत गेली. तेव्हापासून मी यादीवर ‘प्रत्यक्ष मोजून, चालू स्थितीत पाहून’ असं लिहिल्याशिवाय सही केली नाही, आणि देणारे माझ्यावर चिडत आले.

‘अ‍ॅडिशनल चार्ज’ला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणा. टेबलं दोन, माणूस एकच.

‘इन्चार्ज’ला मात्र जपा. सगळे सरळ ‘प्रभारी’ लिहून टाकतात. पण शाळेबाहेर ‘प्रभारी मुख्याध्यापक’ अशी पाटी दिसली की ओळखायचं, जागा रिकामी आहे, ज्येष्ठ शिक्षक तात्पुरते सांभाळताहेत. दवाखान्यातल्या इन्चार्ज सिस्टर किंवा आमचे स्टोअर इन्चार्ज तात्पुरते नसतात. त्यांना प्रमुख म्हणा, नाहीतर इन्चार्जच राहू द्या. वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांत ‘चार्जमन’ असं पदच आहे. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस काडतुसात दारू भरत असणार. नाही, तो देखरेख करणारा.

‘चार्जशीट’ म्हणजे ऑफिसात दोषारोपपत्र. राज्य सरकारी माणसाला ते महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खाली मिळतं. मोठ्या शिक्षेची शक्यता असेल तर नियम ८, किरकोळ असेल तर नियम १०. रेल्वेचे नियम १९६८ चे, आणि तिथलं दोषारोपपत्र ‘एसएफ’ म्हणजे स्टँडर्ड फॉर्मच्या नंबराने ओळखतात. म्हणून भुसावळला कोणी तोंड पाडून ‘एसएफ फाइव्ह आली’ म्हणाला तर समजायचं, मोठी आहे. एसएफ इलेव्हन म्हणजे किरकोळ. पोलीस कोर्टात दाखल करतात तेही दोषारोपपत्रच, पण वर्तमानपत्रांत ‘आरोपपत्र’ जास्त दिसतं. दोषारोपपत्र मिळालं म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, हे घरच्यांना आधी सांगा.

पैशाच्या चार्जला नुसतं ‘शुल्क’ म्हणून भागत नाही. घरचं महावितरणचं बिल काढून बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे सगळे चार्जेस. त्याखालचं ‘वीज शुल्क’ हा चार्ज नाही, ती सरकारची ड्युटी, म्हणजे कर. सातबाऱ्यावरची ‘आकारणी’ याच आकाराच्या घरातली. सरचार्जला अधिभार.

राहिले किरकोळ. शाळेच्या विज्ञानात विद्युत प्रभार. मोबाइल मात्र कोणी प्रभारित करत नाही, चार्जच करतो. वायरमनचं ‘लाइन चार्ज आहे’ म्हणजे तारेत वीज आहे, हात लावू नका. लाठीचार्ज म्हणजे लाठीमार.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, मराठी शब्द वापरला तर लोक हसतील का. कागदावर कार्यभारच लिहा, कोणी हसणार नाही. बोलताना चार्ज म्हणा. आमचा शिपाई दर नव्या माणसाला संध्याकाळी अहिराणीत विचारायचा, ‘चार्ज ली लिधा का भाऊ?’ तुम्हाला कोणी असं विचारलं तर सांगा, ‘पंखा मोजीसन सांगस.’