परड्यात रान माजलंय, घर घ्यावं का सोडावं?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही बेळगावात भाड्यानं राहतो. टिळकवाडीच्या पुढं एक जुनं बैठं घर बघितलंय, घर दणकट आहे, विहीर आहे, मालक पुण्याला असतात म्हणून रेट पण बरा सांगतायत, पण मागचं परडं म्हणजे नुसतं रान झालंय. कंपाउंडला घाणेरी, कोपऱ्यात सुबाभळी, मोकळ्या जागेत छातीएवढं काँग्रेस गवत आणि ती पिवळ्या फुलांची वेल पार पायरीपर्यंत आलीय. शेजारचा प्लॉट रिकामा, तिथं पण तेच. माझी नणंद इंग्लंडला असते, ती म्हणते असलं घर घेऊच नका, तिकडं परड्यात कसलंतरी जपानी झाड निघालं तर बँक लोनला अडवते म्हणे. एजंट म्हणतोय एक दिवस जेसीबी लावला की मैदान साफ. सासूबाईंना दमा आहे. संचकार (इसार) देऊ का थांबू? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ताई, घर चांगलं असेल तर परड्यापायी सोडू नका. पण संचकार जरा थांबवा, आणि जेसीबी तर नकोच.

नणंदबाई सांगतात ते तिकडं खरंच आहे. त्या झाडाला जपानी नॉटवीड म्हणतात, १८५० च्या सुमारास शोभेचं म्हणून तिकडं नेलं आणि आता डोक्याला ताप झालाय, जमिनीखाली त्याचं जाळं पसरतं आणि बारका तुकडा राहिला तरी परत फुटतं. घर विकणाऱ्याला तिथं फॉर्मवरच विचारतात की नॉटवीड आहे का, आणि असेल तर लोन देणारे त्याच्या बंदोबस्ताचे कागद मागतात. आपल्याकडं तसं काही नाही. बँकेचा माणूस येतो, भिंती मोजतो, जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे, विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष त्यानं सांगायला पाहिजे असं त्यात आहे, पण घेणाऱ्याला साध्या नजरेनं दिसण्यासारखा दोष त्यात येत नाही, आणि छातीएवढं गवत दिसलं नाही असं तुम्ही कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून जे काय कमी करून घ्यायचं ते आत्ताच, रेटमध्ये. ई-खाता (महापालिकेचा मालमत्तेचा उतारा), ईसी (बोजाचा दाखला) वगैरे वकिलाकडनं बघून घ्या, तो माझा प्रांत नव्हे.

आता पायाला धोका म्हणाल तर घाणेरी, काँग्रेस आणि ती वेल, तिघांकडनंही नाही. सुबाभूळ भिंतीला अगदी खेटून असेल तर काढावी लागेल, नाहीतर तीही नाही. त्यापेक्षा विहिरीच्या कठड्यात, गच्चीच्या कोपऱ्यात, संडासाच्या टाकीपाशी पिंपळ नाहीतर उंबर उगवलाय का बघा. हे आपले देशी, पूजेचे, पण भिंत फोडतात ते हेच, आणि जुन्या बैठ्या घराला एक तरी असतोच. विहिरीत डोकावल्याशिवाय व्यवहार करू नका.

तुमचा खरा प्रश्न सासूबाईंचा दमा आहे, आणि तिथं काँग्रेस गवताला हलक्यात घेऊन चालत नाही. पुण्याकडं १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा ध्यानात आलं आणि आज देशभर आहे, एका झाडाला हजारोंनी बी येतं, परागानं दमा उठतो, नुसतं अंगाला लागून कातडीवर पुरळ येतं आणि काहीजणांचं ते वर्षानुवर्षं जात नाही. तुम्ही तुमचं परडं आरशासारखं केलंत तरी शेजारच्या प्लॉटवरनं वारा आणि पाणी बी आणणारच. तेव्हा त्या प्लॉटचा मालक कोण, गावात आहे का परगावी, फोन उचलतो का, हे आधी काढा. मी तर म्हणेन घराच्या मालकापेक्षा त्याची चौकशी जास्त करा. तो दाद देत नसेल तर महापालिकेत लेखी अर्ज टाकून पोच ठेवा, आणि तेवढ्यावर विसंबू नका, दरवर्षी जूनच्या शेवटी त्याला विचारून स्वतःच माणसं लावून तिकडचं पण उपटायची तयारी ठेवा. ते जमणार नसेल आणि सासूबाईंचा त्रास जोराचा असेल तर डॉक्टरांना विचारून मगच पुढं जावा, घरं काय दुसरी मिळतील.

घर बघायला कधी गेलात ते लिहिलं नाही तुम्ही, पण गवत छातीएवढं म्हणजे पाऊसकाळातच असणार, आणि एका अर्थी ते बरंच झालं. एप्रिलमध्ये तेच परडं वाळून भुईसपाट दिसतं, मालक झाडून घेतो, फोटो काढतो, गिऱ्हाईक खूश. वळीव पडला की आठ-पंधरा दिवसांत सगळं हिरवंगार.

जेसीबी का नको ते ऐका. तो वरची माती खाली आणि खालची वर करतो, म्हणजे वर्षानुवर्षं गाडलेलं बी उजेडात येतं. त्या वेलीची तर गंमतच, मूळ अमेरिकेकडची ही पिवळी डेझी नर्सरीवाले आजही हौसेनं विकतात, तिच्या दर पेऱ्याला मूळ फुटतं, जेसीबीनं तुकडे पसरले की चारपट झालीच म्हणून समजा. हातानं गुंडाळत काढा, उन्हात प्लास्टिकवर पूर्ण वाळवा, गटारीत टाकू नका. काँग्रेस फुलायच्या आधी मुळासकट उपटायचं, पाऊस पडून माती भुसभुशीत असताना, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, आणि सासूबाईंना त्या दिवशी दुसरीकडं पाठवून. फुललेलं उपटून खतात टाकू नका.

घाणेरी कोयत्यानं छाटली की दुप्पट फुटते, हे कुणाही शेतकऱ्याला विचारा. तिचं मुख्य मूळ जमिनीच्या दीड-दोन इंच खाली कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर, वाळत ठेवायचं, दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी बसवलेली रीत आहे ही आणि तिला औषध लागत नाही. १८०९ मध्ये कलकत्त्याच्या बागेत शोभेला आणलेलं झाड हे, पाखरं फळं खाऊन बी टाकतात, म्हणून परड्यातल्या आंब्याखाली पुढची दोन-तीन वर्षं बारकी रोपं शोधत राहा. पाला गुरांना विषारी आहे, शेजारची म्हैस येत असेल तर काढलेला ढीग उघडा ठेवू नका. (काठ्या मात्र चिवट, दक्षिण कर्नाटकात मले महादेश्वर डोंगराकडं सोलिगा आदिवासी त्यांच्या खुर्च्या करतात, आपल्याकडं सगळं जाळून मोकळे होतात.)

सुबाभूळ नुसती तोडली तर बुंध्याला परत फुटवे येतात, बुंधा खणूनच काढावा लागतो. मोठी झाडं असतील तर आधी वनखात्याच्या ट्री ऑफिसरला विचारा, कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे.

आणि साफ झाल्यावर जागा उघडी ठेवलीत तर सगळं परत येणार. लगेच काहीतरी लावा, दाट, केळी-हळद-अळू काय पण. फक्त ‘लाल माती’ म्हणून ट्रक मागवताना ती कुठनं खणलीय ते विचारा, काँग्रेसचं बी आणि लव्हाळ्याच्या गाठी त्यातनंच येतात, कच्च्या शेणखतातनं पण. तीन पावसाळ्यांच्या मजुरीचा हिशोब करा, तेवढी रक्कम रेटमधनं कमी करा म्हणून मालकाला सांगा. एजंटला ते आवडणार नाही.

प्रश्न : खानापूरजवळ पाच गुंठे घेतलेत, घर पुढच्या वर्षी बांधणार. सगळी रानमोडीची झुडपं आहेत, गावातले म्हणतात पेटवून द्या. (खानापूर)

उत्तर : नका पेटवू. वरचं जळतं, बुडातनं परत फुटतं, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत तीच सगळ्यांच्या आधी येते. शिवाय तुमच्याकडं जंगल लागून आहे, आग पसरली तर केस तुमच्यावर. रानमोडी थंडीत फुलते आणि बी वाऱ्यानं उडतं, म्हणून पाऊस सरत आला आणि जमीन अजून ओली आहे तेव्हाच, दसऱ्याच्या आसपास, बुडापासून उपटून घ्या.

प्रश्न : नवीन घराच्या फरशीच्या फटीतनं लव्हाळा येतोय, खडेमीठ टाकू का? (निपाणी)

उत्तर : मीठ नको, जमीन तर जातेच पण पायाच्या विटा आणि सळीला पण ते वाईट. लव्हाळ्याच्या गाठी खाली साखळीनं असतात, वरचं पान तोडून काही होत नाही. फरशी एकदा उचलून गाठी वेचून काढा, खाली जाड कागद घालून परत बसवा. ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचा विचार असेल तर २०२२ च्या केंद्राच्या आदेशानं ते पेस्ट कंट्रोलवाल्यांकडनंच मारून घ्यायचं आहे, दुकानदार बाटली देतो म्हणून घरी आणून फवारत बसू नका.