पित्ताची गोळी आणि तोंडाची हालचाल

प्रश्न: माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. काही महिन्यांपासून, काही खात नसल्या तरी त्यांचं तोंड सारखं चावल्यासारखं हलतं, मधेच जीभ बाहेर येते. झोपेत थांबतं. सगळे म्हणतात, वय झालं. दोन वर्षांपासून पित्ताची गोळी चालू आहे, बाकी आजार नाही. मेंदूचा एमआरआय करावा का? – एक सून, सातारा

उत्तर: ताई, निव्वळ वयामुळे तोंड असं सहसा हलत नाही. आणि एमआरआयच्या आधी ती पित्ताची गोळी बघायला हवी. स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं उजेडात वाचा. रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करतं, त्याची शंका मला नाही. पण त्याच कॅप्सूलमध्ये अनेकदा लेव्होसल्पिराइड असतं. ते पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून घातलेलं असतं, पण मेंदूतही पोचतं आणि डोपामिनचं, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं, काम अडवतं. महिनोन्महिने घेतल्यावर काहींचे ओठ, जीभ, जबडा आपोआप हलू लागतात. वयस्कर बायकांना हा धोका जास्त. काहींचे हातपाय ताठरतात, चाल मंदावते, आणि कंपवात समजून आणखी गोळ्या सुरू होतात. डॉक्टर लिहून देतात थोड्या दिवसांसाठी, घरी मात्र तीच गोळी दुकानातून वर्षानुवर्षं येत राहते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हा त्रास टाळता येण्यासारखा आहे.

उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं सिनॅरिझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही याच यादीतली. मेटोक्लोप्रमाइडबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच ठळक इशारा छापायला लावला. मानसिक आजाराची गोळी मात्र कुणीही मनाने बंद करू नये.

तेव्हा याच आठवड्यात घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत भरा, अगदी आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा, आणि न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा निदान फिजिशियनकडे जा. सासूबाई निवांत बसलेल्या असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण तपासणीच्या खोलीत हालचाल कधी कधी नेमकी दिसत नाही. कवळी सैल असेल तर तेही सांगा. साखर आणि थायरॉइड तपासतील. एमआरआय लागला तर तेच सांगतील.

औषध थांबवल्यावर फरक पडायला आठवडे, कधी महिने लागतात. सुरुवातीला हालचाल वाढलेलीही दिसू शकते. काहींची पूर्ण जात नाही, म्हणून उशीर नको.

एक हात किंवा पाय अचानक, एकाच बाजूने उडू लागला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. त्यामागे पक्षाघात किंवा खूप वाढलेली साखर असू शकते.